अल्पाकाचा गाभ आणि विकणाऱ्याची हमी

अल्पाकाची मादी विकत घेतली जाते ती मुख्यतः तिच्या गर्भपिशवीसाठी. वर्षातून एकदा कातरणी केली की तिच्या अंगावरून दोन-तीन किलो लोकर निघते. पेरूबाहेरच्या बाजारात मात्र तिची किंमत त्या लोकरीवरून ठरत नाही. ती गाभण आहे का, कोणत्या नरापासून आहे, आधीची वेतं कशी झाली, हे पाहून ती ठरते. गंमत अशी की या प्राण्यात गाभ ओळखणे गाई-म्हशींपेक्षा अवघड आहे. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजायचे, ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या व्यापारात तोंडी शब्दावर भागत नाही, लेखी हमी द्यावी लागते.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तो उंटाच्या कुळातला, पण मदार नसलेला आणि साधारण साठ-सत्तर किलोचा. व्हिकुन्या या रानटी प्राण्यापासून तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी तो माणसाळवला. जगातले बहुसंख्य अल्पाका आजही पेरूत, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या आसपासच्या कुरणांवर चरतात. १९८०च्या दशकात ते अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पुढे युरोपातल्या छोट्या शेतांवर पोहोचले. मराठी वाचकाला ‘अल्पाका’ हा शब्द परका नाही, पण तो ओळखीचा आहे कापडाचे नाव म्हणून. जुन्या पिढीतल्या वकील-मास्तरांच्या अल्पाकाच्या कोटाचे कापड याच प्राण्याच्या लोकरीवरून नाव मिळवून आले होते.

गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते, हंबरते, सोट टाकते आणि मालकाला कळते. अल्पाकाच्या मादीला असे ठरलेले माजाचे चक्रच नाही. तिच्या बीजकोशात बीजपुटिका एकामागून एक लाटांसारख्या वाढतात, काही दिवस पक्व राहतात आणि नराचा संग घडला नाही तर विरून जातात. बीज सुटते ते संग झाल्यावरच, साधारण २६ ते ३० तासांनी. मांजर आणि सशातही बीज संगानंतरच सुटते. उंटांमध्येही तसेच, म्हणजे राजस्थानातली सांडणी या बाबतीत अल्पाकाची चुलत बहीण ठरते.

हे बीज नेमके कशाने सुटते, याचा शोध बराच काळ चालला होता. संगाच्या वेळच्या घर्षणामुळे मेंदूला संदेश जात असावा, असे पूर्वी मानत. १९८५ साली चिनी संशोधकांनी दोन मदारींच्या उंटावर प्रयोग करून दाखवले की नराचे वीर्य मादीच्या शरीरात पोहोचले की संगाशिवायही बीज सुटते. वीर्यातला तो घटक कोणता, ते २०१२ साली कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. तो निघाला ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’, म्हणजे मज्जातंतूंची वाढ घडवणारे प्रथिन. याच प्रथिनाच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर १९८६चे नोबेल मिळाले होते. मज्जासंस्थेच्या अभ्यासातून पुढे आलेले प्रथिन उंटाच्या कुळात बीज सोडवण्याचे काम करते, हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

संगही वेगळ्या पद्धतीचा. मादी उंटासारखी चारी पाय दुमडून बसते, नर घशातून सलग गुरगुरत तिच्यावर बसतो आणि हे वीस-पंचवीस मिनिटे, कधी त्याहूनही जास्त चालते. नराच्या इंद्रियाच्या टोकाला कूर्चेचा छोटा आकडा असतो. त्याच्या मदतीने ते गर्भाशयाचे मुख ओलांडून आत जाते आणि वीर्य थेट गर्भाशयाच्या शिंगांत पडते. प्रत्येक संगात गर्भाशयाच्या अस्तराला थोडी इजा होते, थोडे जंतू आत जातात. निरोगी मादी दोन-चार दिवसांत ते निस्तरते. पण ‘गाभण राहत नाही, पुन्हा दाखवा’ म्हणत दर काही दिवसांनी तिला नराकडे नेले, तर इजा भरून यायला वेळच मिळत नाही. अल्पाकाच्या वांझपणाची बरीच प्रकरणे अशी मालकाच्या अधीरपणातून उभी राहतात.

गर्भाशयाला दोन शिंगे असली तरी शंभरातली सुमारे ९८ पिल्ले डाव्या शिंगात वाढतात. बीज दोन्ही बाजूंच्या बीजकोशांतून सारख्याच प्रमाणात सुटते. उजवीकडचा गर्भ सरकत डावीकडे येतो आणि तिथेच रुजतो. तो वेळेत पोहोचला नाही तर टिकत नाही. बीज सुटलेल्या जागी जो पीतपिंड तयार होतो, त्याच्यातून पाझरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनवर सगळा गाभ उभा असतो, आणि तो शेवटपर्यंत. पीतपिंड मध्येच खचला तर गर्भ पडतो. गाभणकाळ साधारण साडेअकरा महिन्यांचा. पिल्लू एकच होते, ते बहुधा दिवसा-उजेडी, सकाळच्या वेळी जन्मते आणि सहा ते आठ किलोचे भरते. अँडीजमधल्या गोठवणाऱ्या रात्री पाहता जन्मवेळेची ही निवड शहाणपणाचीच म्हणायला हवी.

माज दिसत नाही, मग मादी गाभण आहे की नाही हे ओळखायचे कसे? पाळणारे त्यासाठी नरालाच साक्षीदार करतात. संगानंतर सातव्या दिवशी आणि पुन्हा चौदाव्या दिवशी मादीपुढे नर आणला जातो. बीज सुटले असेल तर सातव्या दिवशी रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असते. मादी कान मागे पाडते, लाथा झाडते, पळते आणि नराच्या तोंडावर थुंकते. गाभ राहिला नसेल तर दहा-बारा दिवसांत पीतपिंड विरतो आणि चौदाव्या दिवशी ती पुन्हा बसते. त्या दिवशीही थुंकली तर ती गाभण असण्याची शक्यता मोठी. या चाचणीला खर्च नाही, उपकरण लागत नाही, आणि अनुभवी माणसाच्या हाती ती बऱ्यापैकी खरी ठरते.

पण थुंकणे हा गाभाचा पुरावा नव्हे. तो फक्त प्रोजेस्टेरॉनचा पुरावा आहे. काही माद्यांमध्ये गर्भ नसतानाही पीतपिंड विरत नाही आणि अशी मादी महिनोन्‌महिने नराला हुसकावते. मालक आनंदात असतो, साडेअकरा महिने उलटतात आणि पोटात काहीच निघत नाही. उलट काही बुजऱ्या माद्या गाभण असूनही दांडगट नरापुढे मुकाट बसतात. अशा संगाने पोटातला गर्भही जाऊ शकतो. रक्तातले प्रोजेस्टेरॉन मोजले तरी अडचण तीच, कारण मोजला जातो पीतपिंड, गर्भ नव्हे. खात्री देते ती सोनोग्राफी. गुदमार्गातून तपासणारा सराईत पशुवैद्य दोन-तीन आठवड्यांचा गाभ दाखवू शकतो आणि साठ दिवसांच्या सुमारास पोटावरूनही तो दिसतो. हमीच्या कागदात ‘गाभण’ हा शब्द यांपैकी कोणत्या तपासणीवर लिहिला आहे, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

न फळणाऱ्या माद्यांचे ढोबळ दोन वर्ग पडतात: जन्मतः दोष असलेल्या आणि नंतर बिघडलेल्या. जन्मजात दोषांचे प्रमाण या प्राण्यात लक्षात येण्याइतके आहे. बीजकोश नीट न वाढणे, गर्भाशयाचे एकच शिंग असणे, गर्भाशयाचा एखादा तुकडाच नसणे, गर्भमुख दुहेरी असणे, योनिपटल बंद राहणे असे त्याचे प्रकार. अँडीजबाहेर थोड्याच जनावरांपासून कळप वाढवले गेले. लोकर उत्तम म्हणून तेच ते नर वापरले गेले, त्यामुळे असे दोष दबून राहून पुढे सरकले. काही वांझ माद्यांच्या पेशी तपासल्यावर एक गुणसूत्र नेहमीपेक्षा फारच छोटे आढळते. अल्पाकाच्या ७४ गुणसूत्रांपैकी आधीच लहान असलेल्या एका जोडीतले ते असते. त्याचा संबंध वांझपणाशी जोडला जातो, पण त्याच्यामुळेच ती वांझ आहे असे दरवेळी म्हणता येत नाही. नराबरोबर जुळी जन्मलेली मादी, गाईंप्रमाणेच, वांझ निघण्याचा धोका असतो. अल्पाकात जुळे जगणे इतके दुर्मीळ आहे की हा प्रश्न फार थोड्यांच्या वाट्याला येतो. जन्मजात दोषांवर बहुधा इलाज नसतो, आणि बाहेरून पाहता अशी मादी अगदी धडधाकट दिसते.

दुसऱ्या वर्गात पहिला क्रमांक गर्भाशयाच्या सुजेचा. वारंवार संग, अडलेले बाळंतपण, मागे राहिलेली वार ही तिची कारणे. अल्पाकाची वार पिल्लू झाल्यावर पाच-सहा तासांत पडायला हवी. न पडल्यास पशुवैद्याला बोलवावे लागते. ओढून काढायचा मोह झाला तर अस्तर फाटते. उपचारात आधी गर्भाशयातला नमुना घेऊन कोणते जंतू आहेत ते पाहतात, मग गर्भाशय धुतात आणि योग्य प्रतिजैविक देतात. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे तिला काही आठवडे नरापासून दूर ठेवणे. बीजच सुटत नसेल तर संगाच्या वेळी जीएनआरएच किंवा एचसीजी या संप्रेरकांचे इंजेक्शन देतात. अस्तरात कायमचे व्रण पडले असतील तर गर्भाशयाचा छोटा तुकडा तपासून ते कळते आणि मग प्रयत्न थांबवणेच बरे.

लठ्ठपणाचे कारण अनेकांना पटत नाही. खडकाळ पठारावरच्या खुरट्या गवतावर जगण्यासाठी घडलेला प्राणी हिरव्यागार कुरणात सोडला आणि वर मूठभर खुराकही चारला, की तो मेदाने भरतो. दाट लोकरीखाली ते दिसत नाही, पाठीच्या कण्यावर हात फिरवूनच अंदाज घ्यावा लागतो. लठ्ठ मादी उशिरा फळते, उष्ण प्रदेशात लवकर तापते, आणि तापलेल्या शरीरात कोवळा गर्भ तग धरत नाही. नरालाही उन्हाचा त्रास असतोच. वृषणे तापली की पुढचे काही आठवडे त्याच्या वीर्यात दम नसतो. मादीवर खर्च करून झाल्यावर दोष नराचा निघाला, असे घडते. अल्पाकाचे नर मुळात उशिरा वयात येतात, अडीच-तीन वर्षांपर्यंत काहींचे इंद्रिय आवरणापासून सुटलेलेही नसते. ज्या नरापासून आजवर एकही पिल्लू झालेले नाही, त्याच्या वाट्याला दोन-तीन माद्या देऊन त्या फळत नाहीत म्हणून मादीच्या तपासण्या करत बसणे म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

गाभ राहिल्यावरही तो टिकेलच असे नाही. पेरूत १९७०च्या सुमारास फर्नांडेझ-बाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पाकातल्या गर्भमृत्यूवर काम केले. बीज फळण्यात फारशी अडचण नसते, खरी गळती पहिल्या महिन्याभरात होते, हे तेव्हापासून माहीत आहे. पेरूच्या पारंपरिक कळपांत वर्षाला निम्म्याच्या आसपास माद्या व्यातात, त्याचे एक मोठे कारण ही गळती. त्यामुळे तीस दिवसांवर सोनोग्राफीत दिसलेला गाभ साठ दिवसांवर पुन्हा पाहणे शहाणपणाचे. त्यानंतर गाभडण्याची शक्यता बरीच कमी होते, पण संपत नाही. लेप्टोस्पायरोसिस, टॉक्सोप्लाझ्मा अशा संसर्गांनी पुढेही गर्भ पडतो. गाईगुरांतला बीव्हीडी विषाणू या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अल्पाकांत पसरला, तेव्हा आणखी विचित्र गोष्ट समोर आली. गाभणकाळाच्या सुरुवातीला मादीला त्याची लागण झाली, तर पिल्लू जिवंत जन्मू शकते, पण जन्मभर विषाणू पसरवत राहते. म्हणजे ‘जिवंत पिल्लू’ मिळाले आणि कळपात रोगही आला.

इतक्या ठिकाणी जिथे घसरण्याची शक्यता आहे, तिथे एका मादीसाठी वीस हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त मोजले जात होते. या शतकाच्या पहिल्या दशकातले अमेरिकेतले हे भाव. घेणारे बहुतेक नवखे, निवृत्तीनंतर चार एकरांवर जोडधंदा करू पाहणारे. त्यांना विश्वास देण्यासाठी प्रजननाच्या हमीचे करार रूढ झाले. त्याचे साधारण तीन नमुने दिसतात. गाभण मादी विकताना ती विक्रीच्या दिवशी गाभण असल्याची हमी असते. त्यापुढचा प्रकार जिवंत पिल्लाची हमी. आणि जी कधीच नराकडे नेलेली नाही अशा कोवळ्या मादीबाबत ती फळण्याजोगी असल्याची हमी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत, अमुक इतक्या प्रयत्नांनंतरही ती गाभण राहिली नाही आणि पशुवैद्याने तसे लिहून दिले, तर बदली मादी किंवा पैसे परत.

वाद होतात ते शब्दांवर. ‘जिवंत पिल्लू’ म्हणजे काय? काही करारांत उभे राहून आचळाला लागलेले पिल्लू, काहींत चोवीस तास जगलेले, काहींत त्याहून अधिक. तिसऱ्या दिवशी पिल्लू दगावले तर चोवीस तासांच्या करारात विकणारा मोकळा असतो. अपूर्ण दिवसांचे अशक्त पिल्लू दोन दिवस जगवणे आजच्या उपचारांनी शक्य आहे, त्यामुळे ही मर्यादा घेणाऱ्याच्या दृष्टीने फार तोकडी आहे. भरपाईचा प्रश्न याहून अवघड. बहुतेक हम्या पैसे देत नाहीत, त्याच नराकडे किंवा त्याच्या तोडीच्या नराकडे मादी पुन्हा फुकट नेण्याची मुभा देतात. दोन महिन्यांची गाभण घेतलेली मादी आठव्या महिन्यात गाभडली असे धरू. तपासणी, उपचार आणि विश्रांतीत दोन महिने, मग पुन्हा साडेअकरा महिने. साडेनऊ महिन्यांत अपेक्षित असलेले पिल्लू खरेदीनंतर सुमारे वीस महिन्यांनी मिळते, तेही सगळे सुरळीत झाले तर. गेलेल्या काळाची आणि चाऱ्या-औषधाची भरपाई अशी हमी सहसा देत नाही.

त्यातून नर फुकट असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचणे फुकट नसते. गाईच्या बाबतीत गोठवलेल्या वीर्याची कांडी मागवली की काम होते. अल्पाकाचे वीर्य चिकट, दोरीसारखे असते. ते पातळ करणे, गोठवणे कठीण, आणि ते भरले तरी बीज आपोआप सुटलेले नसते. त्यामुळे कृत्रिम रेतन या प्राण्यात रोजच्या वापरात आलेले नाही. अमेरिकेतल्या नोंदवहीने तर त्यातून झालेल्या पिल्लांची नोंद घेणेच नाकारले. मादी गाडीत घालून शेकडो मैलांवरच्या फार्मवर पाठवायची, तिथे महिना-दोन महिने ठेवायची आणि परत आणायची, हाच मार्ग उरतो. हा खर्च कोणी करायचा, तिथे असताना तिला रोग जडला किंवा ती मेली तर कोणाचे नुकसान, हे करारात लिहिलेले नसेल तर हमी वापरण्यापेक्षा सोडून देणे परवडते.

अटीही भरपूर असतात. मादी विकणाऱ्याने सांगितलेल्या नरालाच द्यायची, मेलेल्या पिल्लाचे शवविच्छेदन करून घ्यायचे, काही दिवसांच्या आत लेखी कळवायचे, ती तिसऱ्याला विकली की हमी संपली. यांपैकी सर्वांत ताणली जाणारी अट ‘योग्य निगा’. मादी लठ्ठ झाली होती, तिला रोज नराकडे नेले होते, असे विकणारा म्हणू शकतो, आणि ते खरेही असू शकते. गर्भाशयाची सूज विक्रीआधीची की नंतरची, हे सहा महिन्यांनी कोणता पशुवैद्य छातीठोकपणे सांगेल? म्हणून खरेदीआधीच घेणाऱ्याने निवडलेल्या पशुवैद्याकडून सोनोग्राफी, बीव्हीडीची तपासणी आणि कोवळ्या मादीच्या जननमार्गाची पाहणी करून घेणे हे कोणत्याही हमीपत्रापेक्षा जास्त कामाचे असते.

कायद्यानेही गाभाकडे माल म्हणून पाहिले आहे. अमेरिकेतल्या एकसमान व्यापारी संहितेत ‘माल’ या शब्दाच्या व्याख्येतच जनावरांची न जन्मलेली पिल्ले धरलेली आहेत. करारापासून बारा महिन्यांत जन्मणाऱ्या पिल्लाचा सौदा असेल, तर गर्भ राहिला त्या क्षणापासून तो त्या करारातला ठरलेला माल होतो. अल्पाकाचा साडेअकरा महिन्यांचा गाभ या बारा महिन्यांत जेमतेम बसतो. विकणाऱ्याने स्पष्ट शब्दांत दिलेले आश्वासन तिथे हमी ठरते, त्यासाठी ‘हमी’ हाच शब्द वापरला पाहिजे असेही नाही. न बोलता गृहीत धरल्या जाणाऱ्या हम्यांतून मात्र अनेक राज्यांनी जनावरांच्या विक्रीला कमी-अधिक सूट दिली आहे. त्यामुळे लेखी शब्दाला वजन येते.

२००७ साली कॅलिफोर्नियातल्या टीना सैटोन आणि रिचर्ड सेक्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनी अल्पाकाच्या त्या चढ्या भावांचा हिशेब मांडला. लोकरीच्या उत्पन्नावर या किमती उभ्या राहू शकत नाहीत, हा सट्ट्याचा फुगा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे मंदी आली आणि भाव कोसळले. तेव्हा हमीतली एक फट उघडी पडली. ‘तितक्याच किमतीची बदली मादी’ हे वाचायला ठीक, पण किंमत खरेदीच्या दिवशीची की बदलीच्या दिवशीची? वीस हजारांना घेतलेली मादी वांझ निघाली आणि बाजारात तशीच मादी दीड-दोन हजारांना मिळत असली, तर विकणारा एक मादी देऊन सुटतो. काही फार्म तोवर बंदही झाले होते, आणि बंद पडलेल्या फार्मची हमी बजावणार कोण? जनावराचा विमा इथे उपयोगी नाही. तो सहसा मृत्यूचा असतो, वांझपणाचा नसतो.

पेरूच्या पठारावर हा कागद कोणाकडे नाही. तिथे शेकडो जनावरांच्या कळपात एकेका मादीचा हिशेब ठेवण्यापेक्षा गाभणांचे एकूण प्रमाण वाढवण्यावर भर असतो. तिथल्या संशोधनातून आलेला एक उपाय फार साधा आहे. सगळे नर एकदम सोडले की ते पहिल्या काही दिवसांत मन लावून काम करतात आणि मग त्याच माद्यांना कंटाळतात. म्हणून नरांचे दोन गट करून ते दर आठवड्याला आलटून-पालटून सोडतात. नवा गट आला की राहिलेल्या माद्याही फळतात. डिसेंबर ते मार्च या पावसाळी महिन्यांत, गवत असते तेव्हा, व्यायलेल्या माद्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा नराला दिल्या जातात. त्यातूनही सलग दोन हंगाम रिकामी राहिलेली मादी कळपातून काढतात. तिची लोकर कातरली जाते, आणि मांस खारवून, उन्हात आणि रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत सुकवून त्याची चारकी करतात.